देवघरातील पाषाण

आपल्या देवपूजेविषयी जे लिहिले जाते ते बहुधा मूर्तीविषयी असते, आणि ते स्वाभाविकही आहे. मूर्तीला मुख असते, आयुधे असतात, वाहन असते; तिच्या घडणीवरून काळाचा अंदाज बांधता येतो. परंतु ठाणे, कल्याण, डोंबिवली या बाजूच्या एखाद्या जुन्या घराण्याचे देवघर पाहावे, तर रांगता बाळकृष्ण आणि हाती पळी घेतलेली अन्नपूर्णा यांच्याच पंक्तीला एका लहानशा तबकात चार-पाच गोटे मांडलेले आढळतात. एक काळा व गुळगुळीत, एक लांबट अंडाकृती, एक तांबडा, एक सोनेरी झाक मारणारा आणि एक काचेसारखा पारदर्शक. नवख्या माणसास ते नदीकाठी सहज वेचलेले खडे वाटावेत. घरात पूजा करणारा मात्र त्यांतील प्रत्येकास नावाने ओळखतो. एकास तो तुळस वाहतो, दुसऱ्यास बेल, तिसऱ्यास दूर्वा. आणि यात चूक झाल्यास ती त्याच्या मनाला दिवसभर लागून राहते.

हे गोटे घरात कोठून आले, केव्हा आले, आणि मूर्ती घडविण्याची कला इतकी पुढे गेलेली असताना अनघड दगडाची पूजा घराघरांत का टिकली, या प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे. हा विचार निव्वळ जिज्ञासेचा नाही. गेल्या दोन पिढ्यांत वाडे गेले, घराणी विभागली, देवघरे भिंतीवरच्या फळीएवढी झाली, आणि ‘या दगडांचे काय करावयाचे?’ हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे खरोखरीच उभा आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे तर हे दगड काय आहेत हे आधी ठाऊक असले पाहिजे.

प्रथम भूगोल पाहू. परंपरेने पंचायतनातील पाचही पाषाणांची स्थाने ठरवून दिलेली आहेत. विष्णूचा शाळिग्राम गंडकीतला, शिवाचा बाण नर्मदेतला, गणपतीचा तांबडा पाषाण शोणभद्र नदातला, देवीचा सुवर्णवर्णी खडा दक्षिणेकडील सुवर्णमुखी नदीतला, आणि सूर्याचा स्फटिक तंजावरनजीकच्या वल्लमचा. वैष्णव वळणाच्या घरी यांत द्वारकेची चक्रांकित शिळा मिळविलेली असते. आता नकाशा समोर ठेवावा. गंडकी नेपाळातून उतरते. सुवर्णमुखी तिरुपती आणि श्रीकालहस्ती यांच्या परिसरातून वाहते. नर्मदा आणि शोण या दोन्हींचे उगम अमरकंटकाच्या एकाच डोंगरात असून एक पश्चिम समुद्राकडे व दुसरा गंगेकडे जातो. पिता-पुत्रांचे पाषाण एकाच डोंगराच्या दोन नद्यांतून यावेत हा योग मोठा मौजेचा आहे. सारांश, वीतभर तबकात उत्तरेस हिमालय, दक्षिणेस कावेरीचा प्रदेश आणि पश्चिमेस द्वारका अशी सारी भूमी एकत्र आलेली असते.

या यादीत आपल्या गावचा दगड नाही, ही गोष्ट सहज नजरेतून निसटते. ठाणे-कल्याणचा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसाचे थरांवर थर साचून जो खडक बनला, त्यावर आपण राहतो. अंबरनाथचे शिवालय याच खडकाचे असून, शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, या वर्षाच्या तेथील शिलालेखात शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव आहे. दगड भरपूर, तो घडविणारे हातही कुशल. तरीही गृहस्थाने आपल्या नित्यपूजेसाठी दगड आणविला तो शेकडो कोसांवरून. तेव्हा दगड मिळत होता म्हणून दगड पूजिला, हे उत्तर येथे लागू पडत नाही.

शाळिग्रामाचेच उदाहरण घ्यावे. तो मिळतो काली गंडकीच्या पात्रात, मुक्तिनाथ क्षेत्राच्या परिसरात. मुक्तिनाथ समुद्रसपाटीपासून बारा हजार फुटांहून उंच आहे. कोकणातल्या किती गृहस्थांनी ती वाट स्वतः चालून पार केली असेल? बहुतेक शाळिग्राम काशीच्या मार्गाने, यात्रेकरू, गोसावी, बैरागी यांच्या झोळ्यांतून हस्तांतरित होत आले असावेत. विद्वानांत त्याची कीर्ती मात्र फार जुनी आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरील भाष्यात, सर्वव्यापी ब्रह्माची लहानशा स्थानी उपासना कशी संभवते हे समजावताना, शाळिग्रामातील हरीचाच दृष्टान्त दिला आहे. दृष्टान्त नेहमी श्रोत्यांस परिचित वस्तूचा देतात. त्या अर्थी आचार्यांच्या काळी ही उपासना सर्वांच्या नित्य परिचयाची झालेली होती.

शाळिग्रामाला छिद्र असते, आणि आत चक्राकार रेषा असतात. त्यांच्या मांडणीवरून लक्ष्मीनारायण, नृसिंह, वामन, दामोदर असे भेद केले जातात. पुराणांनी त्याचे कारण सांगितले ते असे की, वज्रकीट नावाचा किडा हा दगड कोरतो. भूगर्भशास्त्र आज सांगते की, हा अमोनाइट नावाच्या सागरी जीवाचा अश्मीभूत अवशेष आहे. हिमालय उभा राहण्यापूर्वी त्या जागी टेथिस नावाचा समुद्र होता. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी त्यात वावरणाऱ्या या शंखधारी प्राण्यांची कवचे चिखलात रुतली, चिखलाचा काळा खडक झाला, खडकाचा पर्वत झाला, आणि गंडकी तो पर्वत झिजवीत त्यांना पुन्हा बाहेर काढीत आहे. पुराणकारांस भूगर्भशास्त्र अवगत नव्हते. परंतु दगडातील चक्र हे एखाद्या जीवाचे काम असले पाहिजे, हे त्यांच्या नजरेने अचूक टिपले. इंग्लंडात व्हिटबी येथे हेच अवशेष सापडतात. तेथील लोकांनी कथा रचली की, संत हिल्डा हिने सापांना शाप देऊन दगड केले. एकाच वस्तूत एका देशाने शापित साप पाहिला, दुसऱ्याने सुदर्शन चक्र पाहिले.

नर्मदेच्या बाणाची गोष्ट याहून साधी आहे. त्यात चक्र नाही, छिद्र नाही. कठीण दगडाचा तुकडा प्रवाहात शतकानुशतके घासला गेला म्हणजे जो आकार उरतो तो बाण. बाणासुराने पूजिलेली लिंगे नर्मदेत पडली, अशी कथा नावामागे आहे. खऱ्या बाणाची जुनी परीक्षा अशी की, तो तांदळांशी पुन्हा पुन्हा तोलावा. दर खेपेस वजन निराळे भरले तर तो खरा. ही परीक्षा तराजूची की श्रद्धेची, याचा वाद येथे नको. ओंकारेश्वराच्या बाजूचे धावडी कुंड बाणांसाठी प्रसिद्ध होते; ते आता धरणाच्या फुगवट्याखाली गेले. खरगोण जिल्ह्यात बकावां येथे नर्मदेतले दगड घासूनपुसून लिंगे घडविण्याचा व्यवसाय चालतो, आणि बाजारात मिळणारे पुष्कळसे बाण अशा हातांतून आलेले असतात. आजोबांच्या तबकातील बाण नदीने घडविला असेल, नातवाने विकत आणलेला कदाचित माणसाने.

आता इतिहासाकडे वळू. वैदिक गृहस्थाच्या घरी देवघर नव्हते, अग्नी होता. सकाळ-सायंकाळ त्यात आहुती द्यावयाची, तोच देवयज्ञ. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात देवपूजेचे सविस्तर विवेचन केले आहे. त्यावरून दिसते की, कालांतराने होमाची जागा पूजेने घेतली आणि गृह्यसूत्रांच्या परिशिष्टांतून विष्णू व महादेव यांच्या नित्यपूजेचे विधी आले. अग्नी सांभाळणे कष्टाचे काम होते. तो विझू द्यावयाचा नाही, प्रवासात बरोबर न्यावयाचा, पत्नीवाचून चालवावयाचा नाही. दगडाला यांपैकी काहीही लागत नाही.

येथेच पाषाणपूजेचे खरे वैशिष्ट्य येते. मूर्ती घडविली की तिची प्राणप्रतिष्ठा करावी लागते. ती भंगली तर विसर्जन करावे लागते. शाळिग्राम आणि बाण यांस प्राणप्रतिष्ठा नाही, आवाहन-विसर्जन नाही. देव तेथे सदैव आहेच असे शास्त्र मानते. शाळिग्राम तडकला, फुटला, तरी पूज्यच राहतो. म्हणजे मंत्रज्ञ आचार्य न मिळाला, शिल्पी न मिळाला, देऊळ न उरले, तरी अडत नाही. पळीभर पाणी आणि एक तुळशीचे पान एवढ्यावर हा देव संतुष्ट आहे.

या पाचांना एकत्र मांडण्याच्या पद्धतीस पंचायतन म्हणतात. परंपरा तिचे श्रेय आद्य शंकराचार्यांस देते. तिच्यात समजूतदारपणाची एक युक्ती आहे. ज्याचा जो इष्ट देव तो त्याने मध्ये ठेवावा आणि इतर चौघांस ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य या कोनांत नेमून दिलेल्या जागी बसवावे. विष्णू मध्ये असेल तर ईशान्येस शिव, आग्नेयेस गणेश, नैर्ऋत्येस सूर्य, वायव्येस देवी. शिव मध्ये असेल तर विष्णू ईशान्येस जातो, सूर्य आग्नेयेस आणि गणेश नैर्ऋत्येस. देवी वायव्येसच राहते. शैव आणि वैष्णव यांच्या घरी पाषाण तेच, बदलतो तो मधला. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पुण्यास पर्वतीवर देवदेवेश्वर उभारला, तेव्हा मध्ये शिव आणि चार कोनांत चार देवालये अशी हीच मांडणी चिरेबंदी दगडात केली. पर्वती हे एका अर्थी कोकणातील घरच्या तबकाचेच मोठे रूप होय.

हे झाले देवघरातले पाषाण. परंतु याच घरातील माणसे देवघरातून उठून वेशीवर जात, आणि तेथे दुसरा दगड त्यांची वाट पाहत असे. गावदेवीचा तांदळा, वेताळ, वाघोबा, शेंदराने माखलेला अनामिक देव. हा मात्र खास इथला, याच काळ्या खडकाचा. त्याला गंडकी नको, नर्मदा नको. कोणाला स्वप्नात दिसला, कोणाच्या नांगराला लागला, की तो देव झाला. ठाणे जिल्ह्यातील आगरी, कोळी, वारली यांच्या श्रद्धा अशा स्थानांशी बांधलेल्या आहेत. कार्ल्याच्या एकवीरेस आगरी-कोळ्यांची व चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचीही घराणी कुलदेवता मानतात, हे ध्यानात घेतले म्हणजे वेशीवरचा देव आणि माजघरातला देव यांमधील भिंत वाटते तितकी जाड नव्हती हे कळते. १९१५ साली एंथोव्हेन यांनी जॅक्सन यांच्या टिपणांवरून कोकणातील लोकाचारांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यासाठी माहिती पुरविली ती बहुतांशी गावोगावच्या शाळामास्तरांनी. पुढे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतालची शेंदरी दैवते पायी हिंडून पाहिली आणि १९६२ च्या आपल्या ग्रंथात, ही ठाणी प्राचीन वाटांवर आणि अश्मयुगीन वस्तीच्या जागांवर कशी येतात, हे दाखविले.

अनघड दगडात देव पाहणे ही आपलीच विशेष गोष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासी पॉसेनियस याने फॅरी गावी सुमारे तीस चौकोनी दगड पाहिले. प्रत्येकास एकेका देवाचे नाव होते. पूर्वी सारेच ग्रीक मूर्तीऐवजी अनघड दगडांस मान देत, असेही तो लिहितो. हॅनिबलशी युद्ध चालू असता, इ. स. पूर्व २०४ मध्ये, रोमन लोकांनी आशिया मायनरमधून देवमातेचा काळा दगड समारंभाने आणविला. ग्रीस-रोममध्ये मूर्तिकला वाढली तसा दगड मागे पडला आणि पुढे दोन्ही गेले. आपल्याकडे मूर्ती आली, तरी दगडाने जागा सोडली नाही. दोघे एकाच तबकात नांदले.

का नांदले, याचे एक कारण मला या प्रदेशाच्या राजकीय इतिहासात दिसते. इ. स. १५३४ च्या तहाने वसई, साष्टी आणि त्यांबरोबर ठाणे पोर्तुगीजांकडे गेले, ते १७३७ ते १७३९ या काळातील चिमाजी अप्पांच्या मोहिमेत सुटले. कल्याणचा इतिहास निराळा. ते शिवाजी महाराजांनी १६५७ मध्येच घेतले होते. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली आणि उघड पूजेस बंदी झाली. गोव्यात १५६० मध्ये मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळास हलवावे लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. देऊळ हलत नाही, लिंग हलते. घरच्या देवांस तर तेवढाही खटाटोप नको. तांब्याच्या संपुष्टात ते मावतात, आणि संपुष्ट कमरेला बांधता येते. झडती घेणाऱ्यास चतुर्भुज मूर्ती ओळखू येते; पाट्याजवळ पडलेला काळा गोटा ओळखू येत नाही. ज्या दोनशे वर्षांत देऊळ बांधणे हा अपराध होता, त्या काळात ज्या घरी पूजा टिकली असेल त्या घरी ती अशाच देवांच्या आधाराने टिकली असेल, असे अनुमान करण्यास हरकत नाही. ठाणे सुटल्यावर, १७६० च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मासुंदा तलावाकाठी कौपिनेश्वराचे देवालय उभारले, तेव्हा गावाला देऊळ मिळाले. घरांना देव त्याआधीपासूनच होते.

पुढे प्रवासाचे कारण बदलले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली, पुढील वर्षी ती कल्याणास पोहोचली, आणि रत्नागिरी-कुलाब्याकडील, घाटावरील कुटुंबे नोकरीनिमित्त या मार्गावर येऊन राहू लागली. ट्रंका, पितळी भांडी आणि संपुष्ट, असा त्यांचा संसार. चाळीतल्या दोन खोल्यांत देवांना कोनाडा मिळाला. येथे एका जुन्या नियमालाही मुरड पडली. धर्मनिबंधांनी स्त्रिया आणि अनुपनीत यांस शाळिग्रामाचा व बाणाचा स्पर्श वर्ज्य सांगितला होता. परंतु पुरुष पहाटेची गाडी गाठून मुंबईस जाणार आणि सायंकाळी दमून परतणार, तेव्हा देव पारोसे ठेवावयाचे की घरच्या गृहिणीने ते धुवावयाचे? अनेक घरांनी याचे उत्तर शास्त्र्यांस न विचारता दिले. पाषाणांच्या इतिहासात हा पालट नोंदला गेलाच पाहिजे. कारण ज्यांना स्पर्शाचा अधिकार नव्हता त्यांच्याच हातांनी पूजेची परंपरा चालू राहिली.

आता आजचा प्रश्न. कुटुंब विभागते तेव्हा भांडी वाटली जातात, जागेची किंमत वाटली जाते. देव कसे वाटावयाचे? हिंदू कायद्याने देव हे अविभाज्य मानले आणि भावांनी पाळीपाळीने पूजा करावी असे ठरविले. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. आपल्या पाळीत देव आपल्या घरी नेता येईल काय, हाच त्यातील मुद्दा होता. न्यायाधीशांनी सांगितले की, देव ही केवळ हलविता येणारी चीजवस्तू नव्हे. त्याने कोठे राहावे याविषयी त्याच्याही इच्छेचा विचार झाला पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी निःपक्षपाती माणूस नेमावा. लंडनच्या न्यायपीठाने भारतीय देवाची इच्छा विचारात घ्यावी, हा प्रसंग कायद्याच्या इतिहासात अपूर्व आहे.

डोंबिवलीच्या सदनिकेत मात्र अडचण उलट दिशेने येते. वाटून घेण्यास कोणी उरत नाही. एक भाऊ परदेशी, एक शाखा निःसंतान, आणि तिन्ही घरांचे देव एकाच वृद्ध जोडप्याच्या फळीवर येऊन बसतात. शास्त्र सांगते की, घरी दोन लिंगे पुजू नयेत, दोन शाळिग्राम पुजू नयेत. चार चालतील, एक चालेल. मग जास्तीचे देव देवळाच्या पारावर, पिंपळाच्या बुंध्याशी ठेवले जातात, नाहीतर खाडीत सोडले जातात. त्यांत तसबिरी असतात, भंगलेल्या मूर्ती असतात, आणि पाण्यात पडल्यावर दगडांत दगड होऊन जाणारे हे गोटेही असतात.

ज्यांना पूजा करणे जमत नाही त्यांनी ती करावी असा आग्रह धरण्याचा मला अधिकार नाही. पूजा बंद होणे हाही इतिहासाचाच भाग आहे. अग्निहोत्रेही अशीच विझली. परंतु विसर्जनाची घाई करण्याचे कारण शास्त्रातही नाही. भंगलेल्या मूर्तीचा नियम शाळिग्रामास लागू नाही, आणि संख्येचा नियम मोडत असेल तर ज्या नातलगाकडे देव नाहीत त्यास देण्याची रीत जुनीच आहे. खरी हानी निराळीच आहे. बाकीच्या वस्तूंवर काहीतरी लिहिलेले असते. भांड्यावर नाव असते, कागदावर तारीख असते. या दगडांवर काही नाही. कोणता काशीयात्रेतून आला, कोणता मामाच्या घराणे बुडालेल्या शाखेतून आला, मध्ये शिव का आणि विष्णू का नाही, हे सारे एका माणसाच्या स्मरणात असते आणि बहुधा त्याच्याबरोबर जाते. त्यानंतर तबकात उरतात ते केवळ गोटे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर एका दुपारी कागद घेऊन बसावे. तबकातील प्रत्येक पाषाणाचे नाव, रंग, तो कोणी व कोठून आणल्याचे सांगतात, कोणत्या घरून आला, कोणत्या जागी मांडतात आणि त्याला काय वाहतात, एवढे लिहून ठेवावे. तो कागद संपुष्टातच घालावा. पुढे देव कोणाकडे जातील, राहतील की जातील, ते पुढच्या पिढीने ठरवावे. काय ठेवीत आहोत आणि काय सोडीत आहोत, एवढे मात्र तिला ठाऊक असावे.